लोकरीला विटाळ नाही

वन्सं, काल समाचाराला आलेल्या बायकांनी तुमच्या कोचाची पार रया घालवली. समोरच्या काकू डोकं मागे टाकून बसल्या आणि हुंदके देता देता पाठीच्या कापडावर डोकं घुसळत राहिल्या. डोक्याला खोबरेल असं थापलेलं की कानामागून ओघळ आलेला. दुसरी एक होती, तिच्या नाकाला धार लागली होती. तिनं नाक बोटांनी पुसलं आणि बोटं कोचाच्या हाताला. मी समोर जमिनीवर बसले होते. माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी रडायचं सोडून त्या बोटांकडे बघत होते.

त्यातच एकीनं हळूच विचारलं, "सुतकाच्या घरात असं गादीवर बसलं तर चालतं ना हो?" तर काकू हुंदका मध्येच थांबवून म्हणतात, "अहो, लोकरीचा आहे तो. लोकरीला विटाळ नाही. तिचंच तर करणं सगळं!" मग सगळ्यांनी माना डोलावल्या. काय सोवळ्याची बाई, काय कडक, अशी बाई पुन्हा होणे नाही. मला इतकी शिसारी आली की मी उठून मागच्या दारी गेले. त्यांना वाटलं, बिचारीला आवरेना.

तुमच्या सासरचं कुणी फिरकलं नाही, हे सांगायला नकोच. पंधराव्या वर्षी विधवा झालात म्हणून त्यांनी तुम्हांला पनवेलला माहेरी पाठवून दिलं, ते कायमचंच. सगळं ह्यांनी केलं. तुमच्या धाकट्या भावाचे डोळे सुजून लाल झालेत. आमची सुमी कोपरा धरून असते. फक्त मलाच अजून रडू आलेलं नाही. घरातल्या वस्तू बघितल्या की मला किळस येते, कोचाची, त्या बायकांची, आणि खरं सांगायचं तर तुमचीही येते. हे मी दुसऱ्या कुणाजवळ बोलणार? आपलं भांडण अर्ध्यावर सोडून गेलात. सुमी मोठी झाली की चार दिवस बाजूला बसणार की नाही, त्या कोचाला हात लावणार की नाही, हे ठरायचं राहिलं. पोरगी आता बारा पुरी करून तेराव्यात आहे. ठरवायला फार वेळ नव्हता आपल्याकडे, आणि तुम्ही तोही ठेवला नाहीत.

तो कोच घरात आला त्या दिवशी तुमचा चेहरा कसा झाला होता! इंग्रज चालते झाले तेव्हाची गोष्ट. हे कोर्टाच्या कामाला मुंबईला गेले आणि कुणा परत जाणाऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात कोच घेऊन बसले. तांदळाच्या लॉरीतून तो आला. निळी फुलं, गोल हात, खाली पितळी चाकं. मी लग्न होऊन नुकतीच आलेली, मला हर्षवायू व्हायचा बाकी. मी टुणकन बसले तर स्प्रिंगांनी मला वर उचललं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या होतात.

"आत काय आहे रे, बाळू?" तुम्ही विचारलंत.

"स्प्रिंगा."

"आणि?"

"घोड्याचे केस," हे छाती फुगवून म्हणाले. "अस्सल. आता असं मिळत नाही."

मिळत नाही याचाच आनंद तुम्हांला झाला असता. तुम्ही उंबऱ्यातून हलला नाहीत, आणि कोच ओटीवरच राहिला. माझा पारा चढला होता. नव्या नवरीची हौस मोडायला टपलेली नणंद, असंच मी माहेरी सांगून आले. पण मग एकदा मी तो झाडायला घेतला आणि बैठक व पाठ यांच्या फटीत हात घातला. काय निघालं आठवतं? कुत्र्याचे केस, गुंतवळ, चिकट होऊन बसलेली लिमलेटची गोळी आणि कुणाची तरी कापलेली नखं. मूठभर नखं, वन्सं! कुणी एवढी नखं कोचात बसून कापतं? मी किंचाळले, तुम्ही धावत आलात, माझ्या तळहाताकडे पाहिलंत, आणि आपण दोघी एकदम "शी!" म्हणालो. मग हसायला लागलो ते थांबेचना. त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर हसले ती त्या नखांवर.

त्यानंतर तुमचा तोडगा निघाला. सुती कापडाला विटाळ होतो, ते रोज धुवायला हवं. कोच रोज धुता येत नाही. रेशीम परवडत नाही. राहिली लोकर. लोकरीला विटाळ नाही, म्हणून सोवळ्यात नेसायला धाबळी चालते, म्हणून कोचालाही धाबळीचंच कापड लावायचं. घोड्याचे केस काढून आत काथ्या आणि पिंजलेला कापूस. मोहल्ल्यातला गादीवाला बोलावला. तो त्याच ओटीवर बसून दिवसभर शिवत होता, दातानं दोरा तोडत होता. मी तुम्हांला डिवचलं, "मग ह्याचा हात लागलेला चालतो वाटतं?" तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणालात, "तयार होईपर्यंत ते सामान. तयार झाल्यावर कोच." वकिली तुमच्या भावापेक्षा तुम्हांलाच जमली असती.

पनवेलच्या हवेत लोकरीचा कोच! खाडीवरून येणारा वारा मीठसुद्धा कोरडं राहू देत नाही, तिथे आम्ही दिवाणखान्यात मेंढी बांधली. श्रावणात घरात शिरलं की ओल्या मेंढीचा वास नाकात बसायचा. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. ह्यांनी एकदा सुचवलं की वरून जुन्या धोतराची खोळ घालू, मळली की धुऊ. तुम्ही म्हणालात, "सुती खोळ घातलीस तर खाली लोकर कशाला?" ह्यांनी हात जोडले.

मग त्या कोचाची बडदास्त सुरू झाली. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. ऊन पडलं की अंगणात काढायचा, उन्हाकडे पाठ करून, नाहीतर कापड विटतं. वेताच्या छडीनं झोडायचा, पण शिवणीवर मारायचं नाही. नारळाच्या काथ्याच्या कुंचल्यानं एकाच दिशेनं झाडायचा. फटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, बैठकीखाली डांबराच्या गोळ्या. तरी कसर लागायचीच आणि कापडाची चाळण व्हायची. तुम्ही त्याच रंगाचा दोरा घेऊन रफू करत बसायच्या. लाकडाच्या सांध्यात ढेकूण झाले की कोंबडीच्या पिसानं रॉकेल फिरवायचं. पिसाला तुम्ही हात लावायच्या नाहीत, ते काम माझं. चिरडलेल्या ढेकणाचा तो वास, बोटांना लागला की जेवणापर्यंत जात नाही. मला आजही भाताच्या पहिल्या घासाला तो वास येतो. मग सरकारी माणसं डी.डी.टी. मारायला आली आणि ढेकूण गेले, पण त्या पांढऱ्या भुकटीनं आम्ही सगळे खोकत राहिलो.

तेलाच्या डागाचा इलाज मात्र तुमचाच. पाणी लावायचं नाही. डाळीचं पीठ कोरडं भाजून, गार करून डागावर पसरायचं, वर कागद, त्यावर वरवंटा ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पीठ झाडायचं, पुन्हा नवं. "टिपायचं गं, इंदू. घासायचं नाही. घासलं की डाग आत जातो." दहादा सांगायच्या. मी वैतागून मुद्दाम घासायची. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की तुम्ही टिपलेला डाग गेलेला असतो आणि मी घासलेला तिथेच आहे. त्या शिकवण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. शालूवरचा, सतरंजीवरचा, ह्यांच्या कोटावरचा, कुठलाच डाग मी त्यानंतर राहू दिला नाही.

पण चार दिवस बाजूला बसायची वेळ आली की मागच्या खोलीत मला घोंगडी टाकून द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "वन्सं, घोंगडी लोकरीची. तिला विटाळ नाही म्हणून मी तिच्यावर. मग कोचही लोकरीचाच. मी तिथेच बसते की." तुम्ही थोडा विचार केलात. तुमचा प्रामाणिकपणा असा की तुम्ही खरोखर विचार करायच्या. आणि म्हणालात, "हात लागला तर होत नाही. बसल्यावर होतो." कुठल्या पोथीत आहे हे? ह्यांचे अशील बाहेर कोचावर ढेकर देत बसायचे, तंबाखूची बोटं पुसायचे, आणि त्यांना पाणी द्यायलाही मी जायचं नाही. मागच्या खोलीतून मला त्यांचे ढेकर ऐकू यायचे. मला माझी घाण वाटत नव्हती, मला त्यांची वाटायची.

आणि मग जासईची रखमी. तुम्ही तिचं नाव पुन्हा कधी घेतलं नाहीत, मी घेते. भाजी घेऊन यायची ती आगरी बाई. भाद्रपदातले दिवस, ऊन असं की माती वाफ सोडते. ती पोटुशी होती, डोक्यावर शिराळी-काकड्यांची पाटी. ओटीवर पाटी उतरवली आणि भिंतीला धरूनच राहिली.

"वैनी, मना आंधारी आली. जरा पानी दे," म्हणाली.

मी तिला दंडाला धरून आत घेतलं. ती म्हणत होती, "नाय गो, आमी भुईवरच बऱ्या हाव." पण भुईपर्यंत ती पोचली नसती. मी तिला कोचावर बसवलं, पाणी पाजलं, पाय वर घेतले. पायांना चिखल होता, तो लागला. घटकाभरात तिला बरं वाटलं. जाताना तिनं आपल्या पदरानं तो चिखल पुसायला घेतला, तेव्हा तुम्ही देवघरातून बाहेर आलात. "राहू दे, हात नको लावूस," म्हणालात. आवाज चढवला नाहीत. रखमीनं माझ्याकडे पाहिलं, पाटी उचलली आणि गेली. पुन्हा आमच्या दारात ती आली नाही.

मी म्हटलं, "लोकरीला विटाळ नाही ना?"

तुम्ही म्हणालात, "लोकरीला नाही. पण आत कापूस आहे."

वन्सं, ते वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही कोच अंगणात ओढलात, गोमूत्र शिंपडलंत आणि विहिरीतून घागरीमागून घागर काढून त्याच्यावर ओतलीत. पाणी गाळत बसलेली ती लोकर मी बघत होते. त्या दिवशी मला तुमची जी किळस आली ती अंगावर शहारा आणणारी होती. नखांची आली होती त्याहून जास्त. नखं निदान कुणाचा अपमान करत नव्हती.

भाद्रपदात तो वाळणार कसा? वरून कोरडा दिसायचा, दाबला की बोटाखाली पचपच. आधी वास आंबूस होता, मग आंबूस राहिला नाही. स्प्रिंगांचा गंज वर फुटला, कापडावर तपकिरी वर्तुळं उमटली. आणि एका सकाळी केर काढताना मला दिसलं, कोचाच्या पोटाखालून पांढरी अळंबी उगवली होती. देठासकट, छत्रीसकट. हे म्हणाले, फेकून द्या तो खाडीत. तुम्ही म्हणालात, "माझ्यामुळे झालं, मी निस्तरते."

आपण दोघींनी तो उसवला. आतला कापूस काळा, लिबलिबीत, त्यात अळ्या वळवळत होत्या. मी दोनदा जाऊन ओकून आले. नाकाला पदर बांधला तरी होईना. तुमचे हात मात्र कोपरापर्यंत आत. ना नाकाला पदर, ना कपाळाला आठी. ओंजळी भरभरून ती घाण उपसत होतात, जणू पाटातला गाळ.

"तुम्हांला किळस नाही येत?" मी विचारलं.

"घाण आहे. धुतली की जाते. तिला काय भ्यायचं?"

"आणि रखमी बसली ती?"

तुमचे हात थांबले नाहीत.

तेव्हा मला तुमचं गणित कळलं. खऱ्या घाणीची तुम्हांला कधी किळस आलीच नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा माझी आई दारातून बघून गेली, नाकाला रुमाल लावून. माझं सगळं तुम्ही काढलंत. भांडं, लुगडी, चादरी, सगळं. रात्रंदिवस. मी लाजेनं रडायची तर म्हणायच्या, "गप गं. शरीर आहे." आणि त्याच माझ्या शरीराला महिन्याचे चार दिवस घोंगडी टाकून द्यायच्या. जी दिसते तिची किळस नाही, जी दिसत नाही तिची. माझं अगदी उलटं. मी रखमीला मिठी मारली असती, पण मला अळी बघवत नाही. तुम्ही माझा जीव वाचवलात, वन्सं. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर रखमीचं भांडण मला सोडावं लागलं असतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं. आजही नाही.

कोच पुन्हा भरला, पुन्हा शिवला, पुन्हा लोकरच लावली. तयार झाला तेव्हा मी म्हटलं, पहिल्यांदा तुम्ही बसा, इतकं राबलात. तुम्ही म्हणालात, "मी बसले तर सवाष्णी कुठे बसतील?" साधं, भाजीचा भाव सांगावा तसं. मी तुमचा हात धरून ओढलं. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि चहाचं आधण बघायला गेलात. ज्यांनी तुम्हांला हे शिकवलं त्यांच्या नावानं मी त्या दिवशी मनात बोटं मोडली. त्यात तुमची सासू होती, तुमची आई होती, काल आलेल्या काकूही होत्या.

म्हणून सुमीचं मी आधीच सांगून टाकलं होतं. "सुमी बाजूला बसणार नाही. एक दिवससुद्धा नाही." तुम्ही रफू करत होतात. म्हणालात, "तुझी मुलगी. तू बघ." मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही दोरा तोडलात आणि म्हणालात, "कोच मात्र..." मी म्हटलं, "कोचसुद्धा." तुम्ही सुई अडकवून उठलात. त्यावर काही दिवस अबोला, मग तुमचं दुखणं, आणि दुखण्यात मला भांडायला लाज वाटली. तुम्हांला माहीत होतं मी काय बोलणार ते. मलाही माहीत होतं. दोन वर्षं मी मनात पाठ करत होते. त्या दिवशी सुमीला जवळ घ्यायचं, घाबरू नको म्हणायचं, यात घाण काही नाही म्हणायचं, आणि सगळ्यांदेखत तिला कोचाच्या मधोमध बसवायचं. देवघरातल्या तुम्हांलाही दिसेल असं.

आज सकाळी मी काकूंचा तेलाचा डाग काढायला बसले होते. पीठ भाजून गार केलं होतं, पसरत होते. टिपत होते, घासत नव्हते. सुमी दारात येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी वर पाहिलं तर हात मागे धरलेले, चेहरा पांढराफटक.

"आई, मला... परकराला लागलंय," म्हणाली.

मला लगेच कळलं. पिठाचं ताट माझ्या हातात होतं. दोन वर्षं पाठ केलेलं सगळं ओठावर होतं. आणि वन्सं, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं माहीत आहे?

"कोचाला नाही ना लागलं?"

डाग पडेल म्हणून विचारलं, असं मी दुपारभर स्वतःला समजावते आहे. लोकरीवर रक्ताचा डाग, मी नाही विचारणार तर कोण. पण माझा आवाज मी ऐकला आहे. त्यात डागाची काळजी नव्हती, शिसारी होती. माझ्याच पोरीची. मी तुमची किळस केली, काकूंची केली, अशिलांची केली, आणि इतकी वर्षं तो कोच झाडता झाडता तुमचं ते सगळं माझ्या नखांत कधी शिरलं मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही तरी विचार करून उत्तर द्यायच्या. मी तेवढाही केला नाही.

सुमीनं मान हलवली.

"नाही आई," म्हणाली. "उठल्या उठल्याच कळलं मला. तेव्हापासून मी कुठेच बसले नाही."

मी ताट टाकलं, तिला जवळ घेतलं, सगळं बोलले, पाठ केलेलं आणि न केलेलंही. तिला आंघोळ घातली, कोरडे कपडे दिले. आणि मग रडले, वन्सं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. कुणासाठी ते विचारू नका. संध्याकाळ झाली आहे. मी तिला कोचावर बस म्हटलं. हाताला धरून म्हटलं, रागावून म्हटलं, हात जोडून म्हटलं. ती हो म्हणते आणि उभीच राहते.